सपाट केसांचा मॉर्गन डॉलर महाग कसा? जुनी अमेरिकन नाणी पाहण्याविषयी आणि जमवण्याविषयी

ओहायोकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी गेली काही वर्षे ओहायोत राहतो. १९९९ ते २००८ या काळात निघालेली पन्नास राज्यांची क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटांची, नाणी मी सुट्या पैशांतून वेचून जमवली, आणि आता मन जुन्या, म्हणजे चांदीच्या काळातल्या नाण्यांकडे ओढ घेऊ लागले आहे. वाचन थोडेफार झाले आहे, पण वाचलेले आणि डोळ्यांना दिसलेले यांचा मेळ बसत नाही, म्हणून हा प्रश्न.

अलीकडे नाण्यांच्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला दोन मॉर्गन डॉलर, म्हणजे १८७८ पासून पाडलेले चांदीचे डॉलर, शेजारी शेजारी ठेवून दाखवले. एक १८८१ सालचा, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा. दुसरा १८९१ सालचा, न्यू ऑर्लिन्सचा. दोन्ही एकाच ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाणी तपासून श्रेणी ठरवणाऱ्या कंपनीच्या, सीलबंद प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये होते आणि दोन्हींवर एमएस ६३ हीच श्रेणी छापलेली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस बट न् बट वेगळे दिसत होते. न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यावर त्याच जागी जवळजवळ काहीच नव्हते. मागच्या बाजूला गरुडाच्या छातीवरची पिसेही पुसट होती. मला तर ते वापरून झिजलेले नाणे वाटले. असे असूनही त्याची किंमत पहिल्यापेक्षा बरीच जास्त होती. विक्रेत्याने ‘न्यू ऑर्लिन्स आहे, असेच असते’ एवढेच सांगितले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेव्हा विचारायचे ते असे. दोन नाण्यांची श्रेणी एकच असताना त्यांच्यात इतका फरक कसा असू शकतो? सुरुवात करणाऱ्याने एकच मालिका धरून तिची सगळी वर्षे आणि सगळ्या टांकसाळी पूर्ण कराव्यात, की प्रत्येक प्रकारातले एकेक चांगले नाणे घ्यावे? आणि बनावट नाण्यांविषयी जे ऐकू येते, ते पाहता सुटी नाणी घेण्याचे धाडस करावे की नाही? माझे बजेट बेताचे आहे. गुंतवणूक हा हेतू नाही.

भिंगवाले यांचे उत्तर

ओहायोकर, आपण पाहिले ते नाणे झिजलेले नव्हते. त्याच्यावर ठसा पुरता उमटलाच नव्हता. या छंदात नवीन माणसाने सर्वांत आधी शिकावे असे काही असेल, तर ते म्हणजे झीज आणि कमजोर ठसा यांतला भेद ओळखणे, आणि योगायोगाने आपल्यापुढे त्याचे अगदी नमुनेदार उदाहरण आले.

नाणे पाडताना चांदीची कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये दाबली जाते आणि धातू ठशांच्या खोलगट भागांत शिरतो. मॉर्गन डॉलरवर देवीच्या कानावरचे केस आणि मागच्या बाजूची गरुडाची छाती हे दोन्ही उठावाचे भाग नेमके एकमेकांच्या पाठीला पाठ लावून येतात. त्यामुळे त्या एका जागी धातूला दोन्ही दिशांनी खोल शिरावे लागते, आणि दाब किंचित कमी पडला तरी पहिला फटका तिथेच बसतो. ठसे एकमेकांपासून थोडे अधिक अंतरावर लावले की ते जास्त दिवस टिकतात, पण नाणे मात्र मध्यभागी अर्धवट उमटते. न्यू ऑर्लिन्सची पुष्कळ नाणी अशी निघाली आहेत, आणि १८९१ चे नाणे त्या बाबतीत बदनामच आहे. याउलट १८८० ते १८८२ या सालांतली सॅन फ्रान्सिस्कोची नाणी कोरीवपणासाठी नावाजलेली आहेत. त्या मानाने ती मुबलकही आहेत, ही आपल्यासारख्यांच्या पथ्यावर पडणारी गोष्ट.

आता ओळखायचे कसे, ते सांगतो. एकच दिवा घ्यावा, नळीचा नको, साधा बल्ब असावा. नाणे त्याच्याखाली तिरके धरून सावकाश फिरवावे. ठसा बसताना धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्याच्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. प्रकाश त्या रेषांवरून परावर्तित होतो तेव्हा उजेडाचे दोन पट्टे नाण्यावर चक्राच्या आऱ्यांसारखे गोल फिरताना दिसतात. हे पट्टे केसांच्या सपाट भागावरून न तुटता पलीकडे गेले, तर तो भाग झिजलेला नाही. झिजलेल्या भागावर या रेषा घासल्या गेलेल्या असतात, म्हणून पट्टा तिथे येऊन विझतो आणि चांदीचा रंग राखाडी, मळकट दिसतो. दुसरी खूण भिंगाखाली दिसते. ठसा न पोचलेल्या जागी मूळ कोऱ्या चकतीवरचे बारीक खड्डे आणि ओरखडे तसेच राहिलेले असतात, कारण त्यांना दाबून सपाट करणारे काही तिथवर आलेच नाही. वापराने झिजलेला भाग गुळगुळीत असतो. पाचपट किंवा सातपट मोठे दाखवणारे भिंग यासाठी पुरते. फार मोठ्या भिंगाखाली प्रत्येक नाणे सदोष दिसू लागते.

राहिला श्रेणीचा प्रश्न. १ ते ७० ही मोजपट्टी मूळची १९४० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम शेल्डन यांनी जुन्या, मोठ्या आकाराच्या सेंटांसाठी बसवली. पुढे ती सर्वच नाण्यांना लावली गेली, आणि १९८६ मध्ये पीसीजीएस व १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या आल्यापासून सारा बाजार तिच्यावर चालतो. ६० पासून पुढचे एमएस, म्हणजे ‘मिंट स्टेट’, आकडे चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी आहेत. त्यांच्यातली श्रेणी मुख्यतः मूळ तकाकी किती राहिली आहे आणि पृष्ठभागावर ओरखडे किती व कुठे आहेत, यावर ठरते. ठशाच्या जोमाचा वाटा त्या मानाने कमी, निदान ६३ च्या आसपास तरी. हे डॉलर हजार हजार नाण्यांच्या कापडी पोत्यांत भरून हलवले जात, त्यामुळे एकाची कड दुसऱ्याच्या गालावर आपटे. देवीचा गाल मोठा आणि मोकळा असल्यामुळे तिथला एकही घाव लपत नाही. आपण पाहिलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या नाण्याचा गाल कदाचित दुसऱ्यापेक्षा स्वच्छही असेल. किंमत अधिक असण्याचे कारण वेगळे आहे: त्या श्रेणीतली १८९१ ची न्यू ऑर्लिन्सची नाणी १८८१ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांपेक्षा कितीतरी कमी आढळतात. श्रेणी अवस्था सांगते, किंमत दुर्मीळपणाही मोजते, आणि देखणेपणाचा निवाडा ज्याचा त्याने करायचा असतो.

माझे मत विचाराल तर मी त्या दोघांतले स्वस्त नाणे घेतले असते.

टांकसाळ_१७९२ यांचे उत्तर

भिंगवाले साहेबांनी नाणे कसे पाहावे ते नेमके सांगितले आहे, त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, पण त्याआधी मॉर्गन डॉलरच्या दुर्मीळपणाविषयी थोडे लिहितो, कारण नवीन संग्राहक पाडलेल्या नाण्यांची संख्या वाचून निष्कर्ष काढतात आणि या मालिकेत तो हमखास चुकतो.

हे डॉलर लोकांच्या मागणीमुळे पाडले गेले नव्हते. नेव्हाडातल्या कॉमस्टॉकसारख्या खाणींतून चांदीचा पूर आला, भाव पडू लागले, आणि १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारवर दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडण्याची सक्ती आली. २६.७३ ग्रॅमचे हे जड नाणे खिशात बाळगायला फारसे कोणी तयार नव्हते, म्हणून कोट्यवधी नाणी तिजोऱ्यांत पडून राहिली आणि त्यांच्या बदल्यात कागदी प्रमाणपत्रे फिरली. मग १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. कोणत्या सालाचे किती गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे पाडली गेली लाखोंनी, पण आज भेटतात थोडी, असे होऊ शकते, आणि उलटही. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर १९६२ पर्यंत या मालिकेतल्या सर्वांत दुर्मीळ नाण्यांत गणला जाई. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याची पोतीच्या पोती बाहेर आली आणि भाव कोसळला. कार्सन सिटीच्या, सीसी अशी खूण असलेल्या सुमारे २८ लाख नाण्यांचा साठाही असाच मागे राहिला होता. तो सरकारने १९७२ ते १९८० या काळात टपालाने विकला. म्हणून त्या टांकसाळीची काही साले चलनात फिरलेल्या अवस्थेत कमी आणि कोऱ्या अवस्थेत जास्त भेटतात, असा उलटा प्रकार पाहायला मिळतो.

आता मालिका की प्रकार, याविषयी. बेताच्या बजेटात मॉर्गन डॉलरची संपूर्ण मालिका हाती घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन. १८९३ चे सॅन फ्रान्सिस्कोचे नाणे अवघे १,००,००० पाडले गेले. १८९५ सालचा फिलाडेल्फियाचा डॉलर तर फक्त प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या ८८० नाण्यांच्या रूपातच माहीत आहे. या दोन जागा भरण्यात उरलेल्या सगळ्या संग्रहाहून जास्त पैसा जातो. त्याऐवजी १९०७ ते १९२१ या काळात अमेरिकेच्या नाण्यांना जो नवा चेहरा मिळाला, त्यातल्या प्रत्येक प्रकाराचे एकेक नाणे घ्यावे, ही माझी शिफारस आहे. जगात इतरत्र इतक्या थोड्या वर्षांत चलनी नाण्यांवर इतके चांगले शिल्पकाम झाल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

त्याची सुरुवात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या आग्रहाने झाली. त्यांनी ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराला सोन्याच्या नाण्यांचे काम दिले. सेंट-गॉडन्स ऑगस्ट १९०७ मध्ये वारले. त्यांचे वीस डॉलरचे नाणे त्याच वर्षी निघाले आणि १९३३ पर्यंत चालले. ते आपल्या बजेटात बसणार नाही, सोन्याच्या वजनामुळेच. पण त्याच्यामागोमाग आलेली हलक्या धातूची नाणी बसतात. १९०९ चा लिंकन सेंट व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांचा, १९१३ चा म्हशीसारखा रानगवा मिरवणारा पाच सेंटांचा बफेलो निकेल जेम्स अर्ल फ्रेझर यांचा.

मग आले १९१६. ॲडॉल्फ वाइनमन यांनी डाइम, म्हणजे दहा सेंटांचे नाणे, आणि अर्धा डॉलर घडवला, हर्मन मॅकनील यांनी क्वार्टर. तिन्ही नाणी एकाच वर्षी का बदलली, याचे कारण १८९० च्या कायद्यात आहे: एखादे चित्र २५ वर्षे वापरून झाल्याशिवाय काँग्रेसच्या परवानगीविना ते बदलता येत नसे, आणि चार्ल्स बार्बर यांची चांदीची नाणी १८९२ पासून चालू होती. वाइनमन यांचा चालत्या स्वातंत्र्यदेवीचा अर्धा डॉलर माझ्या मते साऱ्या मालिकेचा कळस आहे. देवी उगवत्या सूर्याकडे पावले टाकते आहे, अंगावरचे वस्त्र वाऱ्याने मागे उडाले आहे, हातात ओक आणि लॉरेलच्या डहाळ्या आहेत. आणि हे सारे ३०.६ मिलिमीटरच्या वर्तुळात गर्दी न करता मावले आहे. हेच चित्र १९८६ पासून सरकारने गुंतवणुकीसाठी काढलेल्या चांदीच्या ईगल नाण्यावर पुन्हा वापरले. मॅकनील यांचा क्वार्टर दिसायला तितकाच देखणा, पण व्यवहारात दुबळा ठरला. त्यावरचे साल उंचवट्यावर असल्याने लवकर पुसले जाई. १९२५ मध्ये ते किंचित खोलात घेतले, तेव्हा कुठे टिकू लागले. त्यामुळे त्याआधीचे वापरलेले नाणे घेताना साल वाचता येते की नाही, हे आधी पाहावे. बफेलो निकेलचीही रड तीच आहे.

शेवटी १९२१ चा पीस डॉलर, अँथनी डी फ्रान्सिस्की यांचा, ज्याच्यावरच्या चेहऱ्यासाठी त्यांची पत्नी तेरेसा समोर बसली होती. पहिल्या वर्षीचा उठाव इतका उंच होता की नाणी नीट पाडणे जमेना. १९२२ पासून तो कमी केला. प्रकारसंग्रहासाठी १९२२ किंवा १९२३ चे नाणे सहज मिळते. मॉर्गन डॉलर मात्र १९२१ चा घेऊ नये. जुने मूळ साचे १९१० मध्ये नष्ट केले गेले होते, म्हणून १९२१ साठी ते नव्याने बनवले, आणि त्यांत पूर्वीचा उठाव व रेखीवपणा आला नाही. आपण पाहिलेला १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलरच त्या प्रकाराचा योग्य प्रतिनिधी आहे.

शिलेदार यांचे उत्तर

टांकसाळ_१७९२ यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. प्रकारसंग्रह डोळ्यांना सुख देतो, पण प्रत्येक प्रकारातले एकच नाणे पाहून नजर तयार होत नाही. त्यासाठी तेच चित्र पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या टांकसाळींचे, पाहावे लागते. म्हणून मधला मार्ग सुचवतो. वाइनमन यांच्या डाइमची १९४१ ते १९४५ एवढीच छोटी मालिका घ्यावी: पाच वर्षे, फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन टांकसाळी, एकूण पंधरा नाणी. १९४२ सालात १९४१ चा आकडा खालून डोकावणारे एक दुर्मीळ चुकीचे नाणे आहे, ते या हिशेबात धरू नये. उरलेली पंधराही नाणी कोऱ्या अवस्थेत आवाक्यात येतात.

या डाइमच्या मागच्या बाजूला काठ्यांची मोळी आणि तिच्यात खोचलेली कुऱ्हाड आहे. मोळीला मध्यभागी दोन आडवे पट्टे बांधलेले आहेत, आणि ते एकमेकांत न मिसळता, मधल्या फटीसह उमटलेले असतील तर ठसा पूर्ण बसला असे समजतात. पंधरा नाणी एका ओळीत मांडून फक्त तेवढी जागा भिंगाखाली पाहावी. फिलाडेल्फियाच्या १९४५ च्या नाण्यांवर ही फट इतक्या क्वचित दिसते की ती असलेल्या नाण्याला मोठी रक्कम पडते. ती नसलेले, तरीही झळझळीत कोरे नाणे स्वस्तात मिळते, आणि तेच घ्यावे.

एक हिशेब पाठ असू द्यावा. १९६४ आणि त्याआधीच्या चांदीच्या डाइममध्ये ०.०७२३ ट्रॉय औंस (एक ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम), क्वार्टरमध्ये ०.१८०८, अर्ध्या डॉलरमध्ये ०.३६१७ आणि डॉलरमध्ये ०.७७३४ ट्रॉय औंस शुद्ध चांदी असते. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणले की नाण्याची किमान किंमत कळते आणि त्यावर आपण किती जास्त देत आहोत, हेही उघड होते. दहा डाइम एका डॉलरएवढे भरत नाहीत, हे चाणाक्षांच्या लक्षात आले असेल. १८५३ च्या कायद्याने छोट्या नाण्यांचे वजन घटवले, डॉलरचे तेवढेच ठेवले. तो फरक तिथून आला आहे.

ओहायोकर

सर्वांचे मनापासून आभार. भिंगवाले साहेबांनी सांगितलेला दिव्याचा प्रयोग मी काल रात्री एका मित्राच्या १८८५ च्या फिलाडेल्फियाच्या डॉलरवर करून पाहिला आणि ते फिरणारे पट्टे पहिल्यांदाच नीट दिसले. बहुधा प्रकारसंग्रह आणि शिलेदारांची पंधरा डाइमांची मालिका, असे दोन्ही सावकाश सुरू करीन.

बनावट नाण्यांचा प्रश्न मात्र राहिला. शिवाय माझ्या वृद्ध शेजाऱ्यांनी त्यांचा लहानपणचा लिंकन सेंटांचा पुठ्ठ्याचा फोल्डर मला दिला आहे. त्यात बहुतेक भोके भरलेली आहेत. १९०९ सॅन फ्रान्सिस्को व्हीडीबी, म्हणजे ब्रेनर यांची आद्याक्षरे असलेले, आणि १९१४ डेन्व्हर ही रिकामी आहेत. इंटरनेटवर दोन्ही सुटी मिळत आहेत आणि किंमतही फार वाटत नाही. घ्यावीत का?

चांदणी यांचे उत्तर

ओहायोकर, ‘किंमत फार वाटत नाही’ हेच थांबण्याचे कारण आहे. ती दोन नाणी या मालिकेतली सर्वांत जास्त नक्कल होणारी नाणी आहेत, आणि खऱ्या नाण्याची किंमत नवख्यालाही जास्तच वाटते.

बनावट नाण्यांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. पहिल्यात नाणे मुळातच खोटे असते. गेल्या काही दशकांत परदेशांत पाडलेल्या अशा डॉलरांचा सुळसुळाट झाला आहे. त्यांच्यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि लोहचुंबक जवळ ठेवावे. मॉर्गन आणि पीस डॉलर २६.७३ ग्रॅमचे, चीनशी व्यापारासाठी १८७३ पासून पाडलेला ट्रेड डॉलर २७.२२ ग्रॅमचा, झिजेने थोडे कमी भरले तर चालते, जास्त भरणे संशयास्पद. चांदी चुंबकाला चिकटत नाही. कडेवरच्या रेघाही पाहाव्यात, खोट्या नाण्यांवर त्या अनेकदा उथळ किंवा वेड्यावाकड्या असतात. या कसोट्यांत उतरले म्हणजे नाणे खरे, असा मात्र अर्थ नाही, कारण चांगली नक्कल चांदीचीच करतात. नकलेवर ‘कॉपी’ असे उमटवावे लागते, असा कायदा अमेरिकेत १९७३ पासून आहे. फसवणारा तो पाळत नाही, हे उघड आहे.

दुसरा वर्ग अधिक कावेबाज. यात नाणे खरे असते आणि त्याच्यावर फेरफार केलेला असतो. १९१६ ची डेन्व्हरची डाइम अवघी २,६४,००० पाडली गेली, म्हणून फिलाडेल्फियाच्या साध्या डाइमवर डेन्व्हरची खूण असलेले डी हे अक्षर चिकटवून ती विकतात. सेंटांचेही तसेच. व्हीडीबी ही ब्रेनर यांची आद्याक्षरे १९०९ मध्ये नाणे निघाल्यावर थोड्याच दिवसांत काढून टाकली गेली, त्यामुळे ती असलेली सॅन फ्रान्सिस्कोची नाणी ४,८४,००० च राहिली. फिलाडेल्फियाची व्हीडीबी नाणी मात्र सुमारे २ कोटी ८० लाख आहेत, त्यांवर सॅन फ्रान्सिस्कोच्या खुणेचा एस चिकटवला की काम झाले. तपासताना अक्षराचा माथा पाहू नये, बुड पाहावे. दहापट भिंगाखाली नाणे तिरके धरून अक्षर जिथे पृष्ठभागाला मिळते ती रेषा चहूबाजूंनी पाहावी. ठशातून आलेले अक्षर पृष्ठभागातूनच वर उठलेले असते. चिकटवलेल्याच्या बुडाशी बारीक फट, डिंकाची झाक किंवा आसपासच्या धातूच्या रंगात फरक दिसतो. १९४३ च्या तांब्याच्या सेंटाची नक्कलही अशीच, फक्त उलट्या बाजूने: त्या वर्षीच्या पोलादी सेंटावर तांब्याचा मुलामा देतात, आणि तो चुंबकाने लगेच पकडला जातो.

सेंटांचा आपला फोल्डर तसाच जपावा, पण नवी, कोरी नाणी त्यात ठेवू नयेत. जुन्या पुठ्ठ्यात गंधक असते, ते तांबे आणि चांदी दोन्ही काळवंडवते. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांपासूनही नाणी दूर ठेवावीत. त्यातल्या पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पॉलिस्टरची पाकिटे किंवा कडक प्लास्टिकच्या डब्या चालतात. नाणे कडेने धरावे, आणि काही झाले तरी घासून स्वच्छ करू नये. भिंगवाले साहेबांनी सांगितलेल्या त्या सूक्ष्म रेषा एकदा पुसल्या की परत येत नाहीत, आणि जाणकार ते दिव्याखाली पहिल्याच नजरेत ओळखतो.

म्हणून माझा सल्ला असा: साधी नाणी सुटी घ्यावीत, कारण त्यांची नक्कल करून कोणाला फारसे काही मिळत नाही आणि हात लावून पाहिल्याशिवाय नजर बसत नाही. ज्यांची सारी किंमत एका अक्षरावर किंवा एका आकड्यावर उभी आहे, ती मात्र नावाजलेल्या कंपनीने तपासलेलीच घ्यावीत, आणि तिथेही स्लॅबवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळावा, कारण हल्ली स्लॅबही बनावट निघतात. व्हीडीबीची हौस फिलाडेल्फियाच्या नाण्याने भागवता येईल. ते खिशाला परवडते आणि मागच्या बाजूला तळाशी तीच तीन अक्षरे स्पष्ट दिसतात.

राहता राहिले १९१४ चे डेन्व्हरचे नाणे. ते बनवण्यासाठी १९४४ च्या डेन्व्हरच्या सेंटावरचा पहिला चार खरवडून त्याचा एक करतात. त्या विक्रेत्याकडून लिंकन यांच्या खांद्याच्या खालच्या कडेचे मोठे, स्वच्छ छायाचित्र मागवावे. ब्रेनर यांची आद्याक्षरे १९१८ मध्ये त्या जागी पुन्हा आली, अगदी बारीक अक्षरांत. १९१४ च्या नाण्यावर ती असणे शक्यच नाही, पण १९४४ च्या नाण्यावर ती असतात, आणि आकडा खरवडणाऱ्याचे तिकडे पुष्कळदा लक्ष जात नाही. छायाचित्र पाठवायला त्याने टाळाटाळ केली, तरी आपल्याला उत्तर मिळालेच.